दाब, प्रवाह आणि रोध

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालेली लोकल गाडी पहिल्याच थांब्यास विठ्ठलवाडीला येते. तेथें फलाटावरून वर पाहिलें असतां, गाडीच्या टपावरील पँटोग्राफ जिला घासत येतो ती तांब्याची तार करंगळीहून फारशी जाड दिसत नाहीं. एवढ्याशा तारेंतून मिळणाऱ्या विजेवर उतारूंनीं खचून भरलेली संबंध गाडी धांवते, आणि तार मात्र शाबूत राहते. उलट, त्याच गांवांतील एखाद्या बिऱ्हाडांत गीझरचा प्लग थोड्याच दिवसांत काळा पडतो. क्वचित् त्यांतून धूरही निघतो. काम प्रचंड असूनही तार जळत नाहीं, आणि काम क्षुल्लक असूनही प्लग जळतो, हें कसें? या कोड्याचा उलगडा दोन लहान सूत्रांनीं होतो, आणि त्यांस गुणाकार-भागाकारापलीकडे गणित लागत नाहीं.

गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका नळाच्या पाण्यास दाब अधिक. नळ जितका अरुंद वा गंजलेला, तितकी पाण्याला अडवणूक अधिक. विजेचेंही तसेंच आहे. तिचा दाब व्होल्टांत, प्रवाह अँपियरांत आणि अडवणूक, म्हणजे रोध, ओहमांत मोजतात. जर्मनींतील गेऑर्ग ओहम या शाळामास्तरानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडलेला नियम असा कीं, दाबाला प्रवाहानें भागलें म्हणजे रोध मिळतो. दुसरें सूत्र शक्तीचें : दाबाला प्रवाहानें गुणिलें म्हणजे वॅट मिळतात. एक हजार वॅट एक तासभर खर्च झाले कीं मीटरवर एक युनिट चढतें.

श्रोत्यांनीं आतां कागद-पेन्सिल घेऊन गीझरचा हिशेब करून पाहावा. घरांतील दाब २३० व्होल्ट आणि गीझर २००० वॅटांचा. २००० ला २३० नें भागलें असतां प्रवाह सुमारें ८.७ अँपियर येतो. २३० ला ८.७ नें भागलें असतां रोध सुमारें २६.४ ओहम निघतो. संध्याकाळीं दाब २०० व्होल्टांवर उतरला, तरी गीझरचा रोध जवळजवळ तोच राहतो. मग प्रवाह ७.६ अँपियर होतो आणि शक्ति सुमारें १५१० वॅट. दाब आठव्या हिश्श्यानें कमी झाला, पण शक्ति जवळजवळ चौथ्या हिश्श्यानें घटली. कारण दाबाबरोबर प्रवाहही उतरला. पाणी तापण्यास वेळ लागतो तो याचमुळें.

आतां प्लगाकडे वळावयाचें. तारेंतून प्रवाह जातांना तारही तापते. ही उष्णता किती, याचा नियम इंग्लंडांतील जूल यानें १८४१ सालीं सांगितला : प्रवाहाचा वर्ग करावा व त्यास रोधानें गुणावें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. प्लग घट्ट बसलेला असून तेथील रोध एक शतांश ओहम असला, तर ८.७ चा वर्ग सुमारें ७६, त्याचा शतांश म्हणजे अवघा पाऊण वॅट. तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु पिना सैल होऊन किंवा गंजून तोच रोध अर्धा ओहम झाला, तर तेथें सुमारें ३८ वॅट उष्णता सांचते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर जिनें कथील वितळवितो, ती सोल्डरिंग-आयर्न बहुधा २५ वॅटांची असते!

यांत विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं अशा वेळीं फ्यूज किंवा एम्. सी. बी. मदतीस येत नाहीं. ती प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच तुटते. येथें तर वाढलेल्या रोधानें प्रवाह किंचित् कमीच झालेला असतो.

रेल्वेचें कोडेंही याच वर्गानें सुटतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी मुंबईची पहिली विजेची गाडी धांवली, ती १५०० व्होल्ट दाबावर. हिशेबापुरती एका गाडीची गरज ३० लक्ष वॅट धरली, तर या दाबानें २००० अँपियर प्रवाह लागतो. हल्लींच्या २५,००० व्होल्ट दाबानें तेंच काम १२० अँपियरांत होतें. प्रवाह सुमारें सतरावा हिस्सा उरला, म्हणून त्याच तारेंतील उष्णता पावणेतीनशेंव्या हिश्श्याच्या आसपास येते. पूर्वी जाड तारा आणि जवळजवळ उपकेंद्रें लागत, तीं यामुळेंच. मुंबईच्या लोकल मार्गांवरील जुना दाब एप्रिल २०१६ मध्यें अखेर संपला. मोटारींच्या बाबतींत या गुणाकारांत थोडी वजावट करावी लागते. तापणाऱ्या उपकरणांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

मोठा दाब तारेला सोयीचा, पण माणसाला प्राणघातक. म्हणून घरीं २३० व्होल्टच येतात आणि प्रवाहाचा भार तारांनीं सोसावयाचा असतो. यास्तव गीझर, इस्त्री आणि विजेची शेगडी यांच्या पाठीवरील वॅट वाचून त्यांस २३० नें भागण्याची संवय प्रत्येक घरीं असावी. उत्तर ६ अँपियरांहून अधिक आल्यास १६ अँपियरांचाच प्लग वापरावा; एकाच एक्स्टेन्शनवर दोन मोठीं उपकरणें लावूं नयेत. प्लग काळवंडला किंवा जळका वास आला, तर मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावें. विजेचें बिल वॅटांवर येतें. आग मात्र अँपियरांच्या वर्गानें लागते.