समजून घ्या : दिव्यांगांचा ५ टक्के निधी ग्रामसभेत कसा मागायचा?

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून जिल्ह्याच्या मुख्यालयी, अलिबागला जायला थेट रेल्वे नाही. दिव्यांग मुलाला घेऊन एका कागदासाठी तिथे जायचे, तर आई-वडिलांचा दिवसाचा रोजगार बुडतो. काही हक्क मात्र गावातच मागता येतात. दिव्यांग आणि पालकांच्या नेतृत्व प्रशिक्षणात नेमके हेच शिकायचे असते.

गावात काय मिळते?
ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. स्वउत्पन्न १० लाख रुपये असेल, तर हा वाटा ५० हजार होतो. पण मागणीच आली नाही, तर पैसे पडून राहतात.

हक्कदार कोण?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यातूनच यूडीआयडी कार्ड मिळते.

मागणी कशी करायची?
- गावातील दिव्यांगांची यादी करून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे एकत्र लेखी अर्ज द्यावा.
- अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी.
- ग्रामसभेत विषय मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.
- खर्चाचा हिशेब मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मूल १८ वर्षांचे झाल्यावर काय?
कायद्याने ते सज्ञान होते आणि पालकांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. ‘आमच्यानंतर याचे कोण पाहणार?’ या पालकांच्या काळजीला हा एक कायदेशीर आधार आहे.

बोलायचे कोणी?
दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. दिव्यांगांविषयीच्या निर्णयात त्यांचा सहभाग हवा, असे तो सांगतो. म्हणून पालकांनी अर्ज लिहायला शिकावे, तसे मुलाला बोलू द्यायलाही शिकावे. ग्रामसभेत रस्ता, पाण्यावर बोलणाऱ्यांत त्याचाही आवाज असला, तर पुढच्या वेळी यादी करताना त्याचे नाव सुटणे अवघड होते.