परवाना नाकारलेली विश्वविजेती

व्यावसायिक मुष्टियुद्धात अंगबळ व कौशल्य यांच्या जोडीला नियामक मंडळाचा परवाना असावा लागतो. इंग्लंडमधील फ्लीटवुड या मच्छीमारांच्या गावची जेन काऊच ही मिठाईच्या कारखान्यातील कामगार. १९९६ च्या मे महिन्यात, वयाच्या २७ व्या वर्षी, कोपनहेगन येथे फ्रान्सच्या सँड्रा गायगरला नमवून तिने वेल्टरवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. मायदेशी मात्र तिला अधिकृत लढत देता येत नव्हती. कारण ब्रिटनचे मुष्टियुद्ध नियंत्रण मंडळ स्त्रियांना परवानाच देत नसे. मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत स्त्रियांचे मन अस्थिर असते, असेही एक कारण मंडळाने पुढे केले. वैद्यकाच्या भाषेत मांडला, एवढ्यानेच पूर्वग्रह शास्त्रीय ठरत नाही!

जेनने १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याच्या आधारे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. हा खेळ स्त्रियांना शोभतो किंवा कसे, हा तेथे वादाचा मुद्दा नव्हता. केवळ स्त्री म्हणून उपजीविकेचा परवाना नाकारता येतो काय, एवढाच प्रश्न होता. मार्च १९९८ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या स्ट्रेटहॅम भागात तिने सिमोना लुकिचला दुसऱ्याच फेरीत पराभूत केले. ब्रिटनमधील स्त्रियांची ही पहिली परवानाप्राप्त व्यावसायिक लढत होय. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला प्रवेश मिळण्यास मात्र २०१२ साल उजाडले. लंडनच्या त्या स्पर्धेत मणिपूरच्या मेरी कोमने कांस्यपदक पटकाविले.