मधाचे मूळ आणि मधाची पारख

दुकानातील बाटलीवर ‘मध’ असे एकच नाव असले, तरी आतील पदार्थाने तेथवर येण्यापूर्वी पुष्कळ प्रवास केलेला असतो. हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरच्या बाजूस मोहरीची शेते पिवळी झाली, की मधपाळ आपल्या पेट्या मालमोटारींवर लादून तेथे आणतात. ही वाहतूक बहुधा रात्री करावी लागते, कारण अंधार पडल्यावरच सर्व माशा पेटीत परतलेल्या असतात. मोहरी सरली की काही पेट्या बिहारमधील मुझफ्फरपूरच्या लिचीच्या बागांकडे निघतात, तर काही निलगिरीच्या झाडीकडे. अशा अनेक मधपाळांचा मध पिंपांत भरून व्यापाऱ्याकडे येतो, एकत्र मिसळला जातो, गाळला जातो आणि मग बाटलीत उतरतो.

ह्या फिरत्या पेट्यांतील माशी मूळची भारतातील नव्हे. एपिस मेलिफेरा ही युरोपीय जात १९६२ च्या सुमारास नगरोटा बगवाँ येथे, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात व आताच्या हिमाचल प्रदेशात, यशस्वीपणे रुजविण्यात आली. सातेरीपेक्षा ती कितीतरी अधिक मध साठविते. म्हणून उत्तर भारतातील मधाचा व्यापार मुख्यतः तिच्यावर चालतो. देशी सातेरी महाबळेश्वरच्या परिसरात आणि दक्षिणेत आजही पाळतात. आग्या माशी मात्र पेटीत नांदत नाही. सुंदरबनात वसंताच्या अखेरीस खलशी फुलली, की मौले लोक वाघाचा धोका पत्करून तिची पोळी काढावयास खारफुटीच्या रानात शिरतात.

माशीने फुलातून आणलेला मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंदात पाणीच अधिक असते. पेटीतील माशा तो एकमेकींच्या तोंडी देतात, पंखांनी वारा घालून पाणी उडवितात आणि आपल्या लाळेतील विकरांनी त्यातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन घटक करतात. पाणी वीस टक्क्यांखाली उतरले, की कोठीवर मेणाचे झाकण बसते. झाकण बसण्यापूर्वीच मध काढला तर तो पातळ राहतो आणि आंबतो.

ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या प्रमाणावर मधाचा स्वभाव ठरतो. मोहरीच्या मधात ग्लुकोज भरपूर असल्याने तो थोड्याच आठवड्यांत रवाळ होऊन गोठतो. ग्राहकाला वाटते, बाटलीच्या तळाशी साखर बसली. वास्तविक ती त्या फुलांचीच खूण असते. ह्या गैरसमजापायी विक्रेते मध तापवून पातळ ठेवतात. तापविल्याने माशीने घातलेले डायास्टेज हे विकर नाश पावते, आणि फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युराल नावाचे द्रव्य वाढते. भारतीय मानकांत ह्या द्रव्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. उष्ण हवेत मध नुसता साठवूनही ते वाढत असल्याने, केवळ त्यावरून मध भेसळीचा ठरविणे अन्यायाचे होईल. ग्राहकाच्या संशयामुळे चांगला मध बिघडावा, ही विचित्रच गोष्ट म्हटली पाहिजे.

घरगुती परीक्षांची स्थिती याहून बरी नाही. पाण्यात टाकलेला थेंब तळाशी गेला, किंवा मधात बुडविलेली काडी पेटली, म्हणजे मध शुद्ध असे सांगतात. साखरेचा दाट पाकही तळाशी जातो. ह्या परीक्षांनी मधाचा दाटपणा व ओलावा कळतो, मूळ कळत नाही.

मूळ शोधण्याचा एक सुंदर उपाय निसर्गानेच ठेवला आहे. हवेतील कार्बनात सुमारे १.१ टक्के भाग कार्बन-१३ ह्या जड समस्थानिकाचा असतो. बहुतेक फुलझाडे प्रकाशसंश्लेषण करताना हा जड कार्बन काहीसा टाळतात. ऊस आणि मका यांची रीत वेगळी असल्याने त्यांच्या साखरेत तो किंचित अधिक येतो. मक्याच्या स्वस्त पाकाची भेसळ अमेरिकेत वाढली तेव्हा, १९७७ मध्ये, डोनर व व्हाइट यांनी दाखवून दिले की निरनिराळ्या मधांत हे प्रमाण बरेचसे सारखे असते. पुढे ह्या परीक्षेला अधिक धार आली. मधात अल्पसे प्रथिनही असते. पाक मिसळला तर साखरेतील कार्बनाचे प्रमाण बदलते, प्रथिनातील बदलत नाही. दोहोंत दर हजारी एकाहून अधिक फरक पडला, तर सुमारे सात टक्क्यांहून जास्त ऊस-मक्याची साखर मिसळली आहे असे धरतात. मधाचा नमुना असा स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

भेसळ करणाऱ्यांनी यावरही तोड काढली. भात आणि बीट ही पिके फुलझाडांच्याच रीतीने कार्बन घेतात. त्यांच्यापासून केलेला पाक ह्या कसोटीतून निसटतो. तांदळाच्या पाकाची विशिष्ट खूणद्रव्ये शोधण्यात आली, तेव्हा ती काढून टाकलेले पाकही बाजारात आले. टाळेबंदीच्या काळात मधाचा खप वाढूनही मधपाळांना भाव मिळेना. ह्या तक्रारीवरून दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट ह्या संस्थेने २०२० मध्ये १३ नाममुद्रांचे २२ नमुने तपासविले. सर्व कसोट्यांत फक्त ५ नमुने उतरले. ह्यांतील निर्णायक कसोटी केंद्रकीय चुंबकीय संस्पंदनाची होती आणि ती जर्मनीतील प्रयोगशाळेत झाली. काही कंपन्यांनी निष्कर्ष अमान्य केले. पाक स्वस्त, मध महाग. तेव्हा ह्या स्पर्धेत प्रथम मोडतो तो पेट्या घेऊन रानोमाळ फिरणारा मधपाळ, आणि त्याच्या पेट्या उठल्या की शेजारच्या मोहरीचे परागीभवनही उणावते.

ह्या कसोटीत प्रबळ चुंबकीय क्षेत्रात मधातील अनेक घटकांचे संकेत एकाच वेळी नोंदले जातात आणि मिळालेले चित्र अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडून पाहतात. तिची खरी किंमत त्या संग्रहावर ठरते. ज्या फुलाचा मध संग्रहात नाही, तो अस्सल असूनही परका वाटू शकतो. दुसरी अडचण पेटीतच आहे. पावसाळ्यात फुले नसताना माशा जगविण्यासाठी त्यांना साखरेचा पाक द्यावाच लागतो. तो जर फुलोऱ्याच्या दिवसांत दिला, तर पोळ्यातच भेसळ भरली जाते. परागकण पाहणारा सूक्ष्मदर्शक अशा वेळी फूल सांगतो, परंतु पाकाचे प्रमाण सांगत नाही. म्हणूनच अनेक परीक्षा एकत्र वाचाव्या लागतात.

नियमालाही फुलाची ओळख ठेवावी लागते. भारतीय मानकाप्रमाणे मधात उसासारखी साखर, म्हणजे सुक्रोज, पाच टक्क्यांपर्यंत चालते. कारवीच्या मधाला मात्र दहापर्यंत सूट आहे. सह्याद्रीच्या उतारांवरील हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि त्याच्या मधात ही साखर मुळातच अधिक राहते.