हवेचा कटर कामाने नव्हे, पाण्याने मरतो

गॅरेज, फॅब्रिकेशन आणि पत्र्याचे काम करणाऱ्या आपल्या अनेक कारागीर बांधवांकडे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा कटर असतो. वजनाला हलका, विजेच्या धक्क्याची भीती नाही. पण वर्षभरातच त्याचा जोर गेला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष मशीनला दिला जातो. आमच्या मते दोष बहुधा निगेचा असतो.

हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साचते. पावसाळ्यात ते अधिक असते. हे पाणी नळीतून कटरमध्ये जाते. आत रोटरच्या खाचांत पातळ पाती असतात. हवेच्या जोराने तीच फिरतात. पाणी गेले की गंज धरतो, पाती चिकटतात आणि कटर फिरेनासा होतो.

म्हणून रोज काम संपल्यावर टाकीखालचा कॉक हळू उघडून सर्व पाणी काढावे. सकाळी नळी जोडण्यापूर्वी तिच्यातून थोडी हवा सोडून कचरा उडवून द्यावा. मग कटरच्या हवा शिरण्याच्या तोंडात हवेच्या हत्यारांसाठी मिळणाऱ्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब टाकून तो थोडा वेळ मोकळा फिरवावा. संध्याकाळीही हेच करावे. शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवारी संध्याकाळी विसरू नये, कारण उभ्या मशीनला गंज लवकर लागतो. इंजिन ऑइल टाकू नये. ते जाड असल्याने पाती अडकतात.

तोंडाशी बारीक जाळी असते, ती अधूनमधून साफ करावी. हवेच्या फिल्टरची प्लास्टिकची वाटी साबणाच्या पाण्याने धुवावी. पेट्रोल किंवा थिनरने तिला तडे जातात, आणि दाबाखाली ती फुटू शकते. कटरही पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका असतो.

दाब साधारण ९० पौंड (सुमारे ६ किलो) पुरतो. दाब वाढवला की काम लवकर होते असे वाटते, पण पाती झिजतात आणि चकतीही मर्यादेबाहेर फिरते.

सर्वांत महत्त्वाचे चकतीचे. ३ इंची हवेचा कटर मिनिटाला सुमारे २०,००० फेरे घेतो. विजेच्या ग्राइंडरची ४ इंची चकती साधारण १५,००० फेऱ्यांची असते. ती झिजून लहान झाली की बुश घालून हवेच्या कटरला लावण्याची सवय काही ठिकाणी आहे. यात चार पैसे वाचतात, पण चकती फुटली तर डोळा जातो. चकतीवर छापलेले फेरे कटरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. गार्ड काढू नये, चष्मा लावावा आणि चकती बदलताना आधी नळी सोडवावी. अंगावरील धूळ हवेने झाडू नये.

ही सारी निगा रोजची दहा मिनिटांची आहे. नव्या शागीर्दाला कटर हाती देण्याआधी उस्तादांनी ती शिकवावी, एवढेच आमचे सांगणे.