बदकाच्या नवजात पिल्लांचे अंथरूण व खाद्य : एक विवेचन

प्रास्ताविक

बदकाचे पिल्लू म्हणजे पोहू शकणारे कोंबडीचेच पिल्लू, असा समज कुक्कुटपालकांमध्ये बऱ्याच प्रमाणात आढळतो. परिणामी कोंबडीच्या पिल्लांसाठी केलेली गादी आणि त्यांच्याच खाद्याचे पोते बदकाच्या पिल्लांच्याही वाट्याला येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्ले लंगडू लागली किंवा दगावली, की दोष थंडीला अथवा एखाद्या साथीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण पायाखाली आणि पोत्यात असते. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा एकत्रित विचार केला आहे. कारण ओलावा हा दोहोंचाही समान शत्रू होय.

गादीचा प्रश्न

बदकाच्या विष्ठेत सुमारे 90 टक्के पाणी असते. त्यात भर पडते ती त्याच्या खाण्याच्या रीतीची. पिल्लू घासभर खाद्य घेते, धावत पाण्याकडे जाते, चोच बुडवते आणि चोचीतून गळणारे पाणी वाटेत सांडत परत येते. कोरडे खाद्य पाण्याशिवाय त्याच्या घशाखाली सहज उतरत नाही, त्यामुळे ही सवय मोडता येत नाही. शिवाय यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आईच्या पिसांवरील तेलाचा लाभ मिळत नाही. त्यांची लव भिजते आणि ती गारठतात. पहिल्या आठवड्यात सुमारे 32 अंश सेल्सिअस तापमान राखूनही गादी ओली असेल, तर दिव्याची ऊब वाया जाते.

भाताचे तूस कोकणात व पूर्व विदर्भात सहज मिळते. ते अथवा सुताराच्या रंध्याखाली निघणाऱ्या पातळ सालपट्या पाच ते सात सेंटिमीटर जाडीने पसरणे सोयीचे ठरते. करवतीचा बारीक भुसा मात्र टाळावा. त्याची धूळ श्वासात जाते आणि भुकेली पिल्ले तो खाद्य समजून गिळतात. हाच धोका लक्षात घेऊन पहिले काही दिवस गादीवर गोणपाट अंथरणे इष्ट. त्याऐवजी वर्तमानपत्र पसरण्याची प्रथा सोयीची दिसते, परंतु गुळगुळीत कागदावर कोवळे पाय फाकतात आणि तो दोष कायमचा राहू शकतो. भाताचा पेंढा पाणी कमी शोषतो व लवकर बुरसतो. बुरसलेल्या पेंढ्यातील अस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात गेले, की पिल्ले चोच उघडी ठेवून धापा टाकतात. त्या अवस्थेत उपचाराचा फारसा उपयोग होत नाही.

खरे पाहता गादी कोणत्या पदार्थाची, यापेक्षा पाण्याचे भांडे कोठे ठेवले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जाळीच्या चौकटीवर भांडे ठेवून सांडलेले पाणी खालून वाहून नेले, तर कोणतीही बरी गादी टिकते. भांड्यात नाकपुड्या धुता येतील इतके खोल पाणी असावे, मात्र पिल्लू आत उतरू शकेल इतके भांडे रुंद नसावे.

खाद्य : नायसिनची उणीव

पहिल्या दोन आठवड्यांच्या खाद्यात सुमारे 22 टक्के प्रथिने असावीत. याबाबत मांसल कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य चालू शकते. अडचण आहे ती नायसिन या जीवनसत्त्वाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1994 च्या शिफारशींनुसार बदकाच्या पिल्लांना प्रति किलो खाद्यात 55 मिलिग्रॅम नायसिन लागते. मांसल कोंबडीला 35, तर अंड्यावरच्या जातींच्या पिल्लांना 27 पुरते. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार करण्याची बदकाची क्षमता अल्प असल्याने ही तफावत पडते. उणीव राहिल्यास गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय धनुष्याकार होतात.

मक्यातील नायसिन बद्ध स्वरूपात असते व पचनात फारसे मोकळे होत नाही. गव्हाच्या कोंड्याची गतही बहुतांशी तीच. कोष्टकात आकडा मोठा, हाती मात्र थोडे. म्हणून यीस्ट किंवा चांगली वाळवलेली मासळी यांची जोड द्यावी. (दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या माणसांतील पेलाग्रा हा याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. हैदराबाद येथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याशी जोडला होता.)

पेंडीतील विष

1960 मध्येच इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले मेली. बदकाची पिल्लेही बळी पडली. शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि अफ्लाटॉक्सिन जगाला ठाऊक झाले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके संवेदनशील, की पुढे हे विष ओळखण्याची कसोटी म्हणून प्रयोगशाळांनी एक दिवसाची पिल्लेच वापरली. ज्या मात्रेत कोंबडीचे पिल्लू तग धरते, त्या मात्रेत बदकाचे यकृत निकामी होते.

त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून शेंगदाणा पेंड घेणे येथे महागात पडते. सोयाबीन पेंड तुलनेने सुरक्षित. मका नीट वाळलेला असावा, पोती फळीवर व भिंतीपासून दूर असावीत, भिजवलेला भरडा त्याच दिवशी संपवावा. बुरशी झटकून टाकल्याने, उन्हात घातल्याने किंवा शिजवल्याने आत उतरलेले विष जात नाही. अशी पेंड गाई-म्हशींना घालून मोकळे होणेही योग्य नव्हे, कारण त्याचा अंश एम-1 या रूपात दुधात उतरतो.