सम्राटास प्रायश्चित्त देणारे धर्माध्यक्ष : संत अँब्रोज

ज्याच्या पदरीं एकहि सैनिक नाहीं, अशा पुरुषानें सार्वभौम सम्राटास अपराध कबूल करावयास लावावें, असें इतिहासांत क्वचितच घडतें. मिलान नगरीचे बिशप, म्हणजे धर्माध्यक्ष, संत अँब्रोज ह्यांचें चरित्र ह्याच कारणानें मननीय आहे.

त्यांचा जन्म इ. स. ३३९ च्या सुमारास ट्रिअर येथें एका थोर रोमन अधिकाऱ्याच्या घरीं झाला. पुढें ते उत्तर इटलींतील एका प्रांताचे अधिपति झाले. ३७४ सालीं मिलानचें बिशपपद रिकामें झालें, आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीं मतभेद असलेले दोन पक्ष हातघाईवर आले. दंगा शमविण्यास गेलेल्या अधिपतीसच लोकांनीं बिशप निवडलें! तोंवर त्यांचा बाप्तिस्माहि झालेला नव्हता. तो विधि उरकून थोड्याच दिवसांत, ७ डिसेंबर रोजीं, ते पदारूढ झाले. पुढें गॉथांच्या हातीं सांपडलेल्या बंदिवानांस सोडविण्याकरितां त्यांनीं चर्चमधील पवित्र पात्रेंहि वितळविलीं. सोनें राखण्यापेक्षां माणसें राखणें श्रेयस्कर, असें त्यांचें म्हणणें होतें.

खरी कसोटी ३९० सालीं लागली. थेसलोनिका येथें एका लोकप्रिय सारथ्यास कैद केल्यावरून जमावानें सेनापतीस ठार मारलें. सम्राट थिओडोसियसनें क्रोधाच्या भरांत सूडाची आज्ञा दिली आणि असंख्य निरपराध नागरिकांची कत्तल झाली. अँब्रोजनीं गाजावाजा केला नाहीं. त्यांनीं स्वहस्तें खासगी पत्र लिहून सम्राटास कळविलें कीं, प्रायश्चित्त घेतल्यावांचून आपल्या उपस्थितींत मी यज्ञविधि करूं शकत नाहीं. सम्राटानें राजचिन्हें उतरवून चर्चमध्यें सर्वांसमक्ष अश्रु ढाळले. मगच त्यास प्रभुभोजनाचा अधिकार परत मिळाला. अँब्रोजनीं चर्चच्या दाराशींच सम्राटास अडविलें, हें चित्रकारांस प्रिय झालेलें दृश्य मात्र उत्तरकालीन कथेंतील आहे.

तथापि चरित्र वाचतांना डोळे मिटून चालत नाहीं. दोनच वर्षांपूर्वीं, ३८८ सालीं, युफ्रेटिस नदीकांठच्या कॅलिनिकम गांवीं ख्रिस्ती लोकांनीं यहुद्यांचें प्रार्थनामंदिर जाळलें होतें. तेथील बिशपनें तें बांधून द्यावें, ही सम्राटाची आज्ञा न्याय्यच होती. परंतु ती मागें घेतल्यावांचून विधि पुढें चालवणार नाहीं, असें म्हणून अँब्रोजनीं तीच नैतिक शक्ति अन्यायाच्या पारड्यांत टाकली.

४ एप्रिल ३९७ रोजीं ते निवर्तले. मिलानमध्यें त्यांच्याच नांवाच्या चर्चच्या तळघरांत, गर्वासियस व प्रोटासियस ह्या दोन हुतात्म्यांसमवेत, त्यांच्या अस्थि भाविकांस आजहि दिसतात. संतांचा उत्सव बहुधा पुण्यतिथीस होतो. ह्यांचा मात्र ७ डिसेंबरला, म्हणजे पदभार स्वीकारल्याच्या दिवशीं होतो. ही योजना आम्हांस अर्थपूर्ण वाटते. अधिकार मिळतांच माणसाची परीक्षा सुरू होते. परक्याच्या अपराधापुढें ताठ उभें राहणें कठीण खरें. पण स्वकीयांच्या अपराधापुढें तसेंच उभें राहणें त्याहूनहि कठीण. पहिल्या परीक्षेंत हा थोर पुरुष उत्तीर्ण झाला, दुसरींत नाहीं. दोन्ही गोष्टी घरांतील मुलांस सांगाव्या.