बदल खरा की स्थैर्य?

आपल्या शहराला नाव देणारी नाग नदी आपण रोज ओलांडतो. नाव तेच, काठ तेच. पण काल पुलाखालून गेलेले पाणी आज तेथे नसते. मग नदी तीच की वेगळी? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक विचारवंतांनाही हाच प्रश्न पडला होता.

इफिससचा हेराक्लायटस सर्व वस्तू नदीप्रमाणे प्रवाही मानी. मात्र या बदलालाही नियम आहे, असे त्याचे मत होते. इलियाच्या पार्मेनायडीसने नेमके उलट सांगितले. जे नाहीच, त्यातून काही निर्माण होणार कसे? म्हणून बदल हा केवळ भास होय. डेमॉक्रिटसने तोड काढली : अणू नित्य, त्यांची जुळणी अनित्य. प्लेटोने दृश्य जग बदलते मानले आणि त्यापलीकडील आदर्श रूपे शाश्वत ठरविली.

विद्यार्थी मित्रांनो, हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. याच प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात माणसांचे तीन वर्ग पाडले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात चातुर्वर्ण्याबरोबर या विभागणीचीही चिकित्सा केली. माणसामाणसांतील वेगळेपण अशा दोन-चार कप्प्यांत मावत नाही, हे त्यांनी दाखविले. समाजात सनातन असे काहीच नाही, हेही त्यांनी तेथेच बजावले.

पार्मेनायडीसच्या शंकेला तथागतांच्या शिकवणीत उत्तर सापडते. वस्तू शून्यातून येत नाही, तशी ती नित्यही नसते. ती कारणांमुळे उत्पन्न होते आणि कारणे सरली की नाहीशी होते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. अनित्यता म्हणजे निराशा, असे काहींना वाटते. परंतु सर्व काही नित्य असते तर बीजाचा अंकुर झाला नसता आणि अस्पृश्य म्हणून जन्मलेला माणूस कायम अस्पृश्यच राहिला असता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेऊन जन्माने लादलेले स्थान नाकारले. माणूस बदलू शकतो, हे त्या दिवशी कृतीतून सिद्ध झाले.

तरीही बदल आपोआप चांगलाच होतो, असे नाही. नाग नदीही बदलली. सांडपाण्याने ती घाण झाली. पण त्यालाही कारणे आहेत आणि ती दूर करता येतात. जे नदीचे, तेच समाजाचे. बदल अटळ आहे. तो कोणत्या दिशेने व्हावा, यासाठी झटणे मात्र आपल्या हाती आहे.